दंडावरच्या दोन फिती

विहारातल्या रविवारच्या बालवर्गात यंदा जयंतीसाठी काय करायचे, हा प्रश्न फेब्रुवारीतच निघाला. दरवर्षी निबंध होतात, चित्रे होतात, वक्तृत्व स्पर्धा होते. नववीतली एक मुलगी म्हणाली, "काका, आपण शिपाई करू या. आपली माणसं पलटणीत होती हे आम्ही नुसतं भाषणात ऐकतो. एकदा तरी बघायला मिळू दे."

मुलांनी ही सूचना उचलून धरली. शाडूची माती, बांधकामावरची बारीक तार, सुताराकडच्या लाकडाच्या ढलप्या आणि पोस्टर कलरच्या बाटल्या एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. हात, पाय, पाठीवरची पिशवी, बंदूक हे सगळे मुलांना भराभर जमले. काम अडले ते अगदी शेवटी, वर्दीवरच्या खुणांपाशी. दंडावरची फीत, खांद्यावरचे फूल आणि टोपीवरचा बिल्ला. या दोन-चार मिलीमीटरच्या खुणांनी आम्हा मोठ्या माणसांना असा काही धडा दिला की तो वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

एक फुटाला एक इंच

आधी थोडे कामाविषयी, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उन्हाळ्याच्या सुटीत मुले रिकामी असतात.

बाजारात प्लॅस्टिकच्या तयार शिपायांचे संच मिळतात. त्यात १:३५ हे माप फार चालते. म्हणजे खऱ्या माणसाच्या पस्तिसावा हिस्सा. साडेपाच फुटांचा माणूस त्यात पावणेदोन-दोन इंचांचा होतो. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या मामाने असा एक संच आणून दिला होता. त्यात एका लहान कागदावर छापलेल्या खुणा होत्या. हा कागद कापून पाण्यात भिजवायचा, वरचा पापुद्रा सुटला की ब्रशने सरकवत पुतळ्यावर बसवायचा आणि कापसाने अलगद पाणी टिपायचे. त्यातली एक मेख मुलांनी दोन खुणा वाया घालवल्यावर कळली. पुतळ्याचा रंग खरखरीत, बिनचकाकीचा असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि खुणेभोवती चंदेरी कड दिसू लागते. म्हणून आधी त्या जागेवर चकाकीचे व्हार्निश द्यायचे, त्यावर खूण बसवायची आणि वाळल्यावर पुन्हा बिनचकाकीचे व्हार्निश फिरवायचे. मग ती खूण कापडावर शिवल्यासारखी दिसते.

पण त्या कागदावरच्या खुणा परक्या देशांच्या पलटणींच्या होत्या. आपल्या माणसांच्या खुणा आम्हाला काही छापून मिळाल्या नाहीत. तेव्हा ठरले की माप मोठे घ्यायचे आणि सगळे हातानेच करायचे. एक फुटाला एक इंच, म्हणजे १:१२. हिशेब लहान मुलालाही येतो. साडेपाच फुटांचा माणूस साडेपाच इंचांचा.

आमच्या वस्तीत महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. त्यांनी पेटीतला जुना सदरा काढून दिला. मुलांनी पट्टी लावून दंडावरची फीत मोजली. रुंदी तीन इंच भरली. म्हणजे आमच्या पुतळ्यावर ती पाव इंच. हीच फीत १:३५ च्या शिपायावर जेमतेम दोन मिलीमीटरची झाली असती. छातीवर पदकाची जी रिबन लावतात ती ३२ मिलीमीटर रुंद असते. आमच्या पुतळ्यावर ती पावणेतीन मिलीमीटर होते आणि १:३५ वर एक मिलीमीटरही भरत नाही.

फीत रंगवण्याची युक्ती अशी. मुले आधी खाकीवर पांढऱ्या रेघा ओढायला गेली. हात थरथरला की रेघ जाड, पुसायला जावे तर डाग. मग हवालदारांच्या सुनेने, ज्या शाळेत चित्रकला शिकवतात, उलटी रीत दाखवली. फितीची पूर्ण जागा आधी फिक्या रंगाने भरून घ्यायची, टोक खाली असलेल्या कोनाच्या आकारात. ती वाळली की खाकी रंगाने मधली फट कापायची. अशाने दोन फिती आपोआप सरळ आणि सारख्या रुंदीच्या निघतात. कोपर टेबलावर टेकवायचे, ब्रश तीन शून्यांचा घ्यायचा, रंग ताकासारखा पातळ करायचा. आणि निव्वळ पांढरा रंग वापरायचा नाही. एवढ्याशा पुतळ्यावर तो डोळ्यात खुपतो, त्यात चिमूटभर राखी मिसळायचा.

खुणांचा अर्थही हवालदारांनीच मुलांकडून पाठ करून घेतला. एक फीत लान्स नाईक, दोन फिती नाईक, तीन फिती हवालदार. त्यावरचे हुद्दे दंडावरून खांद्यावर जातात. नायब सुभेदाराला एक फूल, सुभेदाराला दोन फुले आणि त्यासोबत लाल-पिवळी-लाल पट्टी. सुभेदार मेजरला फुलांऐवजी अशोकाचे सिंह आणि तीच पट्टी. लेफ्टनंटला दोन फुले, कॅप्टनला तीन, पण त्यांना पट्टी नाही. पट्टी आहे की नाही एवढ्यावरून सुभेदार आणि लेफ्टनंट वेगळे ओळखू येतात. एवढीशी रंगीत रेघ, पण ती विसरली की माणूसच बदलतो.

रिकामी फळी

प्रदर्शनासाठी तीन शिपाई ठरले. पहिला १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावचा. दुसरा महार रेजिमेंट उभी राहिली त्या काळातला. तिसरा आपल्या आठवणीतल्या काळातला.

पहिल्या शिपायाला लाल डगला आणि छातीवर पांढरे आडवे पट्टे होते. मुलांनी उत्साहाच्या भरात त्याच्या बाहीवर निळे अशोकचक्र काढले आणि टोपीवर महार रेजिमेंटचा बिल्ला लावला. हवालदार हसले नाहीत. त्यांनी मुलांना जवळ बसवून सांगितले, "हा माणूस मुंबई पलटणीचा. डगला कंपनी सरकारचा. रेजिमेंट झाली १९४१ साली. अशोकचक्र राष्ट्रध्वजावर आलं १९४७ साली. सव्वाशे वर्षांनी निघालेला बिल्ला त्याच्या टोपीवर कसा येईल?"

एक मुलगा हिरमुसला. "मग तो आपला आहे हे लोकांना कळणार कसं?"

प्रश्न लहान पोराचा, पण वजनदार होता. उत्तर कोरेगावच्या स्तंभावरच आहे. त्या लढाईत पडलेल्यांची नावे तिथे कोरलेली आहेत आणि त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. डगला कंपनीचा असला तरी नाव आपल्या आज्याचे आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहिले, तेव्हा त्यांना तिथे कुठलाही बिल्ला दिसला नव्हता. तिथे नावे होती. मुलांनी चक्र आणि बिल्ला पुसला आणि पुतळ्यापुढच्या पाटीवर नावांची गोष्ट लिहिली.

पहिल्या आणि दुसऱ्या शिपायामध्ये एक फळी रिकामी ठेवावी, ही कल्पना मुलांचीच. ती आम्हाला फार आवडली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीत होते, लष्करी शाळेत शिक्षक होते. गोपाळबाबा वलंगकर पेन्शनर हवालदार होते. पलटणीत अक्षरओळख झाली, वर्दी मिळाली, पेन्शन मिळाले, म्हणून ही माणसे गावगाड्याबाहेर पडून लिहू-बोलू लागली. आणि १८९२-९३ च्या सुमारास सरकारने 'लढाऊ जाती' असा भेद करून महारांची भरतीच थांबवली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी विलायत सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

प्रदर्शनात लोक त्या रिकाम्या फळीपाशी थांबत आणि विचारीत, "इथला पुतळा पडला का?" मुले सांगत, "पडला नाही. उभाच राहू दिला नाही."

तिसऱ्या शिपायाचे पदक

दुसऱ्या शिपायाचे नंतर सांगतो, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. आधी तिसऱ्याचे.

तिसरा शिपाई म्हणून मुलांनी ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना घेतले. जन्म मुंबईतला, घराणे तमिळ. आज रेजिमेंटमध्ये सर्व जातीधर्मांचे आणि अनेक प्रांतांचे जवान आहेत, हे त्यांच्या नावावरूनच मुलांना समजले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. हातघाईत छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी अतिरेक्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याच रायफलीने त्याला मारले आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

मेजरच्या खांद्यावर अशोकाचे सिंह असतात. इंग्रजांच्या काळात त्या जागी राजमुकुट असे. २६ जानेवारी १९५० ला सारनाथचा सिंहस्तंभ आपले राजचिन्ह झाला. तथागतांनी पहिले धम्मप्रवचन दिले त्या भूमीवरचे हे शिल्प आज भारताच्या प्रत्येक मेजरच्या खांद्यावर आहे. हे ऐकून मुलांना झालेला आनंद काय वर्णावा! पण आमच्या मापात हे सिंह दोन-अडीच मिलीमीटरचे. एवढ्या जागेत सिंहाची आयाळ काढायला गेले की काळा ठिपका होतो. म्हणून मुलांनी सिंह काढलेच नाहीत. खाली आडवी रेघ, वर तीन लहान उंचवटे, उजेडाच्या बाजूला फिकट रंगाचा एक टिंब. हातभर दूर उभे राहिले की डोळा स्वतःच सिंह पाहतो.

मग एका मुलाने छातीवर जांभळी रिबन काढायला घेतली, कारण परमवीरचक्राची रिबन जांभळी असते. नववीतली ती मुलगी म्हणाली, "थांब. त्यांना ते गेल्यावर मिळालं. त्यांनी ते कधी लावलंच नाही." ब्रश थांबला. रिबन पुतळ्याच्या छातीवर न जाता पुढच्या पाटीवर गेली, मेजरांच्या नावाशेजारी. इतका बारीक विचार आमच्या डोक्यात आला नव्हता, हे कबूल करतो.

सुभेदाराचे घर

आता दुसरा शिपाई. तो त्या मुलीच्याच पणजोबांचा करायचा ठरला होता. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. आज गावात आणि आमच्या वस्तीतही त्या घराला 'सुभेदाराचे घर' म्हणतात. लग्नपत्रिकेवर, मृत्युलेखावर, जयंतीच्या वर्गणीच्या पावतीवर 'कै. सुभेदार' असेच छापले जाते. घरात त्यांचा एक फोटो आहे, पण तो छातीपर्यंतचा. दंड फोटोबाहेर राहिले आहेत आणि खांदे पुसट झाले आहेत. त्यांचा टोपीवरचा बिल्लाही आहे. रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तो काढला आणि आज तिथे दोन विकर्स मशीनगन व मध्ये खंजीर आहे. या घरातला बिल्ला झिजून गुळगुळीत झाला आहे, तरी अंगठा फिरवला की मधला उभा स्तंभ हाताला लागतो. मुलांनी तो पुतळ्यावर तीन मिलीमीटरच्या तांब्याच्या पत्र्यातून दाभणाने कोरून काढला. खरी वस्तू समोर होती, त्यामुळे त्यात वाद नव्हता.

वाद झाला हुद्द्यावरून. फुलांची जागा, लाल-पिवळी पट्टी हे सगळे आखून झाले होते. त्या मुलीने खात्री करावी म्हणून घरची जुनी पेटी उघडली आणि तळाशी वाळवीने अर्धवट खाल्लेले डिस्चार्जचे कागद सापडले. त्यावर नंबर होता, पूर्ण नाव होते, भरतीचे साल १९४१ आणि सुटण्याचे साल १९४६ होते. हुद्द्याच्या रकान्यात लिहिले होते, नाईक.

मुलगी कागद घेऊन आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला. "काका, काय करायचं? ते सुभेदार नव्हतेच. नाईक होते."

इथे आम्ही चुकलो, आणि चूक लपवण्यात अर्थ नाही. आम्ही कारकून. बी.कॉम. झालेले. व्हाउचरशिवाय नोंद करायची नाही आणि कागदावर असेल तेच खरे, यावर उभी हयात चालली आहे. माणसे जुन्या दाखल्यातल्या एका अक्षराच्या फरकासाठी हेलपाटे घालतात आणि त्यांना परत पाठवणारा हात आमचाच असतो. पण त्या दिवशी आम्ही त्या मुलीला म्हणालो, "अगं, सगळं गाव सुभेदार म्हणतं. फुलंच राहू दे. साडेपाच इंचाच्या पुतळ्यावर कोण बघायला येतंय? आणि तुझ्या आजीला काय वाटेल?"

मुलगी काही बोलली नाही. शेजारी बसलेले हवालदार मात्र बोलले. "भाऊसाहेब, न मिळालेली फीत लावणं हा पलटणीत गुन्हा आहे. आणि नाईक म्हणजे तुम्हाला काय कमी वाटलं? सेक्शन त्याच्या हाताखाली असायचा. दहाएक माणसांचा जीव. त्या दोन फिती मिळवायला माणसाला काय करावं लागतं ते मला विचारा."

आम्ही गप्प झालो. विचार केला तर आमच्या सल्ल्यामागे माया होती तशी भीतीही होती. आपला माणूस जेवढा होता तेवढा सांगितला तर तो कमी पडेल, ही भीती. आपल्या समाजाला ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. मग आपण कुणाच्या नावामागे एक पदवी जादा लावतो, कुणाच्या छातीवर एक पदक जादा काढतो. आणि उद्या कुणी एक खोटी फीत दाखवून दिली, की तोच माणूस खऱ्या बावीस नावांकडेही बोट दाखवून हसतो. आपला इतिहास नाकारणाऱ्यांना आपणच दिलेले ते हत्यार असते.

पण आजीला सांगायचे कोणी? आजी म्हणजे त्या नाईकांची सून. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. 'सुभेदाराची सून' म्हणून तिने गावात आणि इथे मान घेतला. दोन रविवार गेले. पुतळ्याचे दंड आणि खांदे कोरेच राहिले.

आजीची साक्ष

तिसऱ्या रविवारी आजी स्वतःच विहारात आली. नातीने घरी हळूहळू सांगितले असावे. वंदना झाली. आजी पुतळ्यापाशी बसली. चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिली. मग तिने पुतळ्याच्या दंडावर बोट ठेवले.

"हितं दोन हुत्या. दोनच."

आम्ही विचारले, "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"म्या धुतलाय त्यो सदरा. जयंतीला मामंजी त्योच घालायचं. म्या लगीन हून आले तवा बी हुता. फितीचा दोरा उसवला तर म्याच टाचायची. दोनच हुत्या. मला कुनी इचारलंच न्हाई."

विहारात शांतता पसरली. कागद शोधायला आम्ही पेटीच्या तळाशी गेलो होतो. फोटोचे कोपरे भिंगातून पाहिले होते. आणि ज्या बाईच्या हातांनी ती फीत पन्नास वेळा टाचली, तिला विचारण्याचे एकाही शहाण्याला सुचले नव्हते.

"मग सुभेदार हे नाव कुठून आलं?" नातीने विचारले.

आजीने सासूकडून ऐकलेली हकीकत सांगितली. पलटणीतून सुटून मामंजी गावात आले तेव्हा गावकीची पाळी त्यांच्या घरावर आली. येसकरकी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे. वतन तेव्हा चालू होते. ते गेले १९५८ च्या कायद्याने. मामंजींनी साफ सांगितले की हे काम मी करणार नाही. त्याबद्दल घरावर बहिष्कार आला, बलुते बंद झाले, पाणवठ्यावर भांडण झाले. खाकी सदरा घालून ते चावडीपुढून निघाले की वरच्या आळीतली माणसे कुचेष्टेने म्हणत, "आलं बघा सुभेदार!" शिवी म्हणूनच म्हणत. पण आपल्या वस्तीतल्या पोरांना ते नाव आवडले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते हे वस्तीला माहीत होते. कुचेष्टेने दिलेले नाव वस्तीने मानाने उचलले आणि पंधरा-वीस वर्षांत वरची आळीही तेच नाव सरळ तोंडाने घेऊ लागली.

आजी म्हणाली, "सरकारनं दोन फिती दिल्या. बाकीचं त्येनी गावाकडनं मिळवलं. खोटं कशापायी लावायचं?"

त्याच दुपारी नातीने फिती रंगवल्या. आधी पाव इंचाचा कोन राखी-पांढऱ्या रंगाने भरला, तो वाळू दिला आणि मग खाकीने मधली फट कापली. आजी शेजारी बसून बघत होती. खांदे साधेच राहिले. छातीवर रिबन काढायची की नाही असा प्रश्न आला, पण डिस्चार्जच्या कागदावरचा पदकांचा भाग वाळवीने खाल्ला होता आणि सदऱ्यावर रिबन असल्याचे आजीला आठवत नव्हते. म्हणून छाती कोरी ठेवली. पुढे काही कागद मिळाला तर रंगवता येईल, जागा कुठे पळून जात नाही.

पाटी नातीनेच लिहिली. वर पणजोबांचे नाव. त्याखाली, "नाईक, महार रेजिमेंट, १९४१ ते १९४६." आणि त्याखाली, "गावाने दिलेली पदवी : सुभेदार." त्याखाली आणखी एक ओळ तिने आम्हाला न विचारता घातली. "फितींची साक्ष : आजी."

जयंतीच्या दिवशी मोठ्या मिरवणुकीतून माणसे विहारात आली. पुष्कळांनी त्या पाटीपाशी उभे राहून आपल्या घरच्या गोष्टी सांगितल्या. कुणाचे आजोबा लान्स नाईक होते, कुणाचे पलटणीत स्वयंपाकी होते, कुणाचे भरतीला जाऊन उंची कमी म्हणून परत आले होते. एरवी असल्या गोष्टी लोक सांगत नाहीत, कारण त्या लहान वाटतात. त्या दिवशी त्या लहान वाटल्या नाहीत.

वाचकांना विनंती

आपल्या घरात पेटी असेल, पितळी बिल्ला असेल, जुना सदरा असेल, तर तो या सुटीत मुलांसमोर उघडा. डिस्चार्जच्या कागदावर शिपायाचा नंबर असतो, तो आधी वहीत उतरवून घ्या. नाव एकसारखे दहा जणांचे असते, नंबर एकाचाच असतो. तो नंबर, पलटणीचे नाव आणि भरतीचे साल घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे, तिथल्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिता येते. कागद वाळवीला देऊ नका. कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या जागी ठेवा आणि एक झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा.

फोटो मिळाला तर त्याच्या मागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहा. मुलांच्या हातात माती आणि ब्रश द्या. मात्र खूण चढवण्याआधी त्यांना एवढेच विचारायला लावा की ही खूण त्या माणसाला मिळाली होती का, कधी मिळाली, आणि आपल्याला हे कशावरून कळले. पुरावा नसेल तर जागा कोरी ठेवायला शिकवा. आमच्यासारख्या कारकुनाला जे साडेपाच इंचाच्या पुतळ्यापुढे उभे राहून कळले, ते मुलांना लहानपणीच कळू दे.

आणि शेवटची गोष्ट. पेटी उघडण्याआधी घरातल्या आजीला विचारा. तिने तो सदरा धुतलेला असतो.

जयभीम.